बॉनेटखालचं बारीक काम: मॉडेल मोटारीच्या इंजिनाला वायरी, पाइप आणि बोल्ट घरी कसे करायचे

किटमधून जोडलेल्या मोटारीचं बॉनेट उघडून बघा. ब्लॉक असतो, टॅपेट कव्हर असतं, वर एअर क्लीनरची टोपी असते. प्लगच्या वायरी नसतात, पेट्रोलची नळी नसते, आणि फॅनबेल्ट असलाच तर तो पुलीसकट एकाच तुकड्यात ओतलेला असतो. हे राहिलेलं सामान रेझिनमध्ये किंवा पितळी पत्र्यात तयार मिळतं, पण ते बहुतेक परदेशातून मागवावं लागतं आणि त्याचं बिल कधीकधी किटच्या किमतीला टेकतं. घरी केलं तर खर्च किरकोळ आहे.

नवख्याचं काम बिघडतं ते हात थरथरतो म्हणून नव्हे. जाडी चुकते म्हणून बिघडतं. दिसेल ती वायर उचलून चिकटवली की इंजिन लगेच खेळण्यातलं वाटायला लागतं, मग रंग कितीही सफाईदार असो. म्हणून या लेखात चिकटवण्यापेक्षा मोजण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी भागाकार

सुरुवातीला १/२४ चं किट किंवा १/१८ ची तयार धातूची गाडी घ्या. १/४३ मध्ये बॉनेट बहुधा उघडतच नाही, आणि उघडलं तरी आत काम करायला सोनाराची नजर लागते. १/२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम केलेल्यांना सुताची भाषा येते, त्यांच्यासाठी हिशोब आणखी सोपा: मॉडेलवरचं एक सूत (इंचाचा आठवा भाग) म्हणजे खऱ्या गाडीवरचे तीन इंच. अमेरिकन किट पुष्कळदा १/२५ चं असतं. फरक इतका थोडा की या कामात तो सोडून दिला तरी चालतो.

खऱ्या मोटारीच्या प्लगची वायर साधारण ७ मिमी जाड असते. भागिले २४, म्हणजे ०.२९ मिमी. आता लॅन केबल सोलून निघणारी रंगीत वायर घ्या, जी घरात पडलेली असते आणि म्हणून सगळे वापरतात. तिची जाडी आवरणासकट एक मिलिमीटरच्या जवळपास. म्हणजे तुमच्या मोटारीच्या प्लगला बावीस-चोवीस मिमी जाडीची वायर लागली! तीच वायर हीटरच्या रबरी पाइपासाठी मात्र अगदी मापात बसते. टाकू नका, बाजूला ठेवा.

१/२४ साठी ढोबळ मापं अशी धरा. डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने वीज वाटणारी डबी) आणि कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी डबी) यांच्या बारीक वायरी ०.१ ते ०.१२ मिमी. ब्रेकची धातूची नळी खऱ्या गाडीत बहुधा ३/१६ इंच असते, ती ०.२ येते. पेट्रोलचा रबरी पाइप अर्धा मिलिमीटर. बॅटरीची जाड केबल ०.४. रेडिएटरचा वरचा होसपाइप पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास. फॅनबेल्टची रुंदी ०.४ ते ०.५५. बोल्टच्या डोक्याला तेराचा पाना लागत असेल तर ०.५४, दहाचा लागत असेल तर ०.४२. पद्मिनीला मिलिमीटरचे पाने चालतात, ॲम्बेसेडरला आणि जुन्या पेट्रोल जीपला इंचाचे; पण अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे १२.७ मिमी, त्यामुळे मॉडेलवर दोन्ही बोल्ट सारखेच दिसतात.

१/१८ ची गाडी असेल तर चोवीसऐवजी अठराने भागा. प्लगची वायर ०.३९ येईल. सवय व्हायला ही मोठी गाडी बरी. बॉनेटखाली जागा असते आणि इंजिन आधीच बसवलेलं असतं.

खरं इंजिन बघून घ्या

आपल्याकडे नाशकात हे सोपं आहे. महिंद्राचा कारखाना सातपूरला, त्यांचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला. बॉशला अजून अर्धं गाव मायकोच म्हणतं आणि चौकालाही मायको सर्कल. डिझेलच्या नोझलला मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाची भोकं पाडणाऱ्या या गावात ०.३ मिमी ऐकून कुणी डोळे विस्फारत नाही. ओळखीत एखादे निवृत्त फिटर किंवा टूलरूमवाले काका असतीलच. त्यांच्याकडून व्हर्निअर (मिलिमीटरचे अंश मोजायचं हत्यार) धरायला शिका, अर्ध्या तासाचं काम आहे.

मॉडेलसाठी जुनी, कार्बोरेटरवाली गाडी निवडा. आजच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते आणि वर प्लास्टिकचं झाकण. त्यात करायला काही उरत नाही.

गॅरेजमध्ये जाताना सकाळी गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुपारी जेवणानंतर मिस्त्री जरा मोकळे असतात. इंजिन थंड असलेली, दुरुस्तीला उभी असलेली गाडी विचारून बघा. फोटो काढताना पट्टी चौकटीत धरा, म्हणजे नंतर घरी बसून मापं काढता येतात. आणि फोटो वरून एकच काढून भागत नाही. प्रत्येक वायर आणि पाइप निघतो कुठून, टेकतो कुठे आणि जातो कुठे, हे तीन प्रश्न डोक्यात ठेवून चारही बाजूंनी काढा. मॉडेलवर खोटेपणा उघडा पडतो तो इथेच: कार्बोरेटरपासून निघालेली नळी हवेतच संपते, किंवा फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला, जिथे भोकच नाही तिथे शिरते.

सामान

वाइंडिंगची तांब्याची तार हा या कामाचा पाया आहे. पंपाच्या मोटारी भरून देणाऱ्यांकडे ती वजनावर मिळते आणि तिचे नंबर ठरलेले असतात. नंबर वाढला की तार बारीक होते. ३२ नंबर म्हणजे ०.२७ मिमी, ३६ म्हणजे ०.१९, ४० म्हणजे ०.१२. प्लगसाठी हिशोबाने ३१ नंबर बसतो, पण वर रंग चढला की जाडी वाढते, म्हणून ३२ घ्या. ब्रेकच्या नळीला ३६, बारीक वायरींना ४०. तीन नंबरांची थोडी थोडी तार पुष्कळ वर्षं पुरते. व्हर्निअर नसेल तर पेन्सिलीवर तारेचे दहा वेढे एकमेकांना चिकटून घाला, पट्टीने रुंदी मोजा आणि दहाने भागा.

हत्यारांसाठी सराफ बाजाराच्या आसपास सोनारांना हत्यारं विकणारी दुकानं शोधा. बारीक कानशींचा संच, टोकदार चिमटा, भिंग, आणि हाताने फिरवायचा छोटा ड्रिल, म्हणजे पिनव्हाइस. ड्रिलची पाती ०.३५, ०.५ आणि १ मिमीची पुरतात. पाती घेताना एक बघा: सर्किट बोर्डाला वापरतात ती कार्बाइडची पाती मशीनमध्ये उत्तम, पण हाताने फिरवताना जराशी तिरकी झाली की तुटतात. साध्या हायस्पीड स्टीलची मागा.

प्लास्टिक विकत घ्यायची गरज नाही. किटचे सुटे भाग ज्या चौकटीला लटकलेले येतात ती चौकट, म्हणजे स्प्रू, जपून ठेवा. मेणबत्तीच्या ज्योतीपासून बोटभर उंच धरून ती फिरवत तापवा, चकाकायला लागली की ज्योतीवरून काढा आणि मग ओढा. सावकाश ओढलं की जाड काडी, झटक्यात ओढलं की केसाएवढी. ज्योतीवरच ओढायला गेलात तर ती पेटते आणि काळा धूर होतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा.

मेडिकलमधून कोऱ्या इंजेक्शनच्या सुया दोन-तीन जाडीच्या घ्या. २६ नंबरची बाहेरून ०.४६ मिमी असते, २२ नंबरची ०.७२. तिरकं टोक कानशीने घासून सपाट केलं की धातूची तयार नळी. वापरलेल्या सुयांना हातही लावायचा नाही.

बाकी घरात सापडतं. एसीच्या डक्टला लावतात ती चिकट ॲल्युमिनियम टेप, शीतपेयाच्या डब्याचा पत्रा (साधारण ०.१ मिमी), काळा कागद. आणि येवल्याची ओळख असेल तर रुपेरी जरीचा थोडा धागा मागून घ्या. शर्यतीच्या गाड्यांना स्टीलच्या जाळीचे पाइप असतात, त्यांच्या जागी हा धागा फार छान दिसतो. धाग्यावर गुंडाळलेली धातूची पट्टी त्या मापात जाळीसारखीच भासते. पैठणीला दुखवू नका, सुटा धागा मागा.

काम ताटात करायचं. कडा असलेलं स्टीलचं मोठं ताट, आत पांढरा कपडा, आणि पंखा बंद. एप्रिलमध्ये हे जड जातं, पण अर्ध्या मिलिमीटरचा बोल्ट फरशीवर उडाला की तो गेलाच.

डिस्ट्रिब्युटर

पहिला तुकडा हाच करा. इंजिनात नजर आधी इथे जाते, आणि हा जमला की बाकीचं सगळं सोपं वाटतं.

चार सिलिंडरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरची टोपी साधारण ६५ ते ७० मिमीची, म्हणजे मॉडेलवर पावणेतीन-तीन मिलिमीटर. स्प्रूचा तेवढ्या जाडीचा, बोटभर लांब तुकडा घ्या. तोडू नका, ती लांबी हीच तुमची मूठ आहे. टोक पिनव्हाइसच्या बाहेर ठेवून पिनव्हाइस बोटांत फिरवत कानशीवर टेकवा. गोल होत जाईल. वरची कड किंचित उतरती करा.

आता भोकं. मधोमध सुईने टोचून खूण करा. भिंगातून बघत मध्यापासून पाऊण मिलिमीटरवर समोरासमोर दोन खुणा करा, मग त्यांना काटकोनात आणखी दोन. ड्रिल आधी खुणा खोल केल्याशिवाय लावू नका, नाहीतर पातं घसरतं. ०.३५ चं पातं हलक्या हाताने, दाब न देता, मिलिमीटरभर आत जाऊ द्या. मधे दोनदा बाहेर काढून भुसा फुंकून टाका. एखादं भोक वाकडं गेलं तर टोक कापून नव्याने सुरू करा. म्हणून तर काडी लांब ठेवली आहे.

भोकं झाली की टोपीखाली दीड मिलिमीटर अंतर सोडून कानशीने एक खाच फिरवा. खाचेखाली तीच काडी दीड मिलिमीटर जाडीपर्यंत घासून काढा. हा झाला दांडा, जो ब्लॉकमध्ये जातो. बाजूला व्हॅक्यूमची डबी असते: पातळ प्लास्टिकची दोन मिलिमीटरची चकती, मधे ०.५ ची छोटी काडी. मग मोठ्या काडीपासून कापून घ्या. टोपी काळी किंवा गडद तपकिरी, खालचं अंग मळकट ॲल्युमिनियमच्या रंगाचं. रंग लावताना भोकं बुजतात, म्हणून रंग सुकल्यावर सुईचं टोक एकदा प्रत्येक भोकातून फिरवा.

प्लगच्या वायरी

पाच वायरी लागतात: चार प्लगना, एक मधल्या भोकातून कॉइलला. तार आधी लांब कापून घ्या, बारीक पॉलिश पेपरने एकदा ओढून इनॅमलची चकाकी मारा, मगच रंग द्या, नाहीतर वाकवताना रंग सोलतो. तार ताठ वाटत असेल तर ज्योतीवर लाल करून थंड होऊ द्या. तांबं मऊ पडतं. इनॅमल जळून जाईल, ते पुसून काढा.

टोकाला रबरी टोपी दिसायला हवी. तारेचं टोक फेविकॉलमध्ये बुडवा, उलटं धरून सुकू द्या, पुन्हा बुडवा. दोनदा केलं की पुरेसा फुगवटा येतो. त्यावर काळा रंग. हे फक्त प्लगकडच्या टोकाला, आणि वायर मापाने कापल्यावरच. डिस्ट्रिब्युटरकडचं टोक कोरं राहू द्या, कारण ते भोकात जायचं आहे.

जोडणीचा क्रम मनाने लावू नका. पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि जुनी पेट्रोल जीप या तिन्हींत फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. टोपीवर पहिल्या सिलिंडरची वायर कुठे ते फोटोवरून ठरवा, मग रोटर (टोपीच्या आतला फिरता तुकडा) ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने पुढचं भोक तिसऱ्याचं, नंतर चौथ्याचं, नंतर दुसऱ्याचं. अमेरिकन व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, असेल तर आठ भोकं आणि जास्त गोंधळ. शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉकला १-८-४-३-६-५-७-२, डिस्ट्रिब्युटर मागे फायरवॉलपाशी. साठच्या दशकातल्या मस्टँगच्या २८९ इंजिनाला १-५-४-२-६-३-७-८, डिस्ट्रिब्युटर पुढे. नंबर देण्याची पद्धतही वेगळी: शेव्हर्लेमध्ये एका बाजूला विषम, दुसऱ्या बाजूला सम, फोर्डमध्ये एका बाजूला १ ते ४, दुसऱ्या बाजूला ५ ते ८. एवढं कोण बघणार, असं म्हणणारे भेटतील. गॅरेजमध्ये वाढलेलं माणूस पहिल्यांदा हेच बघतं.

सिलिंडर हेडला प्लगच्या जागी ०.३५ ची भोकं पाडा. किटवर खूण नसेल तर फोटोवरून अंतर काढा. चारही सारख्या अंतरावर असतीलच असं धरून चालू नका. वायर आधी डिस्ट्रिब्युटरमध्ये चिकटवा, पूर्ण सुकू द्या, मग इंजिनावर वळवत नेऊन प्लगकडे मापाने कापा, टोकाला फेविकॉलची टोपी करा आणि शेवटी बसवा. उलट्या क्रमाने केलं तर एक वायर ताणलेली आणि दुसरी लोंबणारी होते. खऱ्या वायरींना थोडी ढील असते, तेवढी ठेवा.

सुपर ग्लूची बाटली कधीच मॉडेलपाशी न्यायची नाही. एक थेंब फॉइलच्या तुकड्यावर काढा. शिवणाच्या सुईचं नेढं टोकाला कापून टाकलं की दोन बारीक दाते उरतात. त्यात बरोबर हवा तेवढा ग्लू अडकतो. सुपर ग्लू हवेतल्या दमटपणावर आवळतो, म्हणून पावसाळ्यात तो चटकन धरतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत रेंगाळतो. थंडीत सांध्यावर हलका श्वास सोडला तरी काम होतं. काचेजवळ मात्र वापरू नका, पांढरी वाफ धरते, तिथे फेविकॉल.

पाइप, बेल्ट, बोल्ट

यात फार शिकण्यासारखं नाही, चिकाटी लागते. रेडिएटरच्या होसपाइपाला मापाची सोल्डर तार उत्तम, कारण ती न दबता वळते; शिसं असतं, हात धुवा. पन्हाळी पाइप हवा असेल तर जाड तारेवर ४० नंबरची तार वेढ्याला वेढा लावून गुंडाळा. क्लॅम्प म्हणजे ॲल्युमिनियम टेपची ०.४ मिमीची पट्टी, नव्या ब्लेडने कापलेली, आणि तिच्यावर स्क्रूच्या जागी स्प्रूचा कण. बेल्टसाठी काळ्या कागदाची पट्टी पुलीभोवती ताणून चिकटवा. किटमधला ओतीव बेल्ट आधी घासून काढावा लागेल.

बोल्टसाठी स्प्रू ओढून ०.५ ची काडी करा आणि कांद्यासारखे पातळ काप काढा, प्रत्येक ०.२ मिमीचा. षटकोन करायची हौस असेल तर काडी आधी सहा बाजूंनी घासा. माझं मत विचाराल तर १/२४ मध्ये टॅपेट कव्हरवरच्या मोठ्या नटांपुरतं ते करावं, बाकीचे गोल चालतात. ग्लूने ओली केलेली सुई बोल्ट उचलायला नको. टोकावर जरासं मेण लावा.

रंग आणि शेवटची जुळणी

कोरा काळा वापरायचा नाही. इतक्या लहान वस्तूवर तो भोक पडल्यासारखा दिसतो. वायरींना आणि रबराला गडद करडा घ्या. सायलेन्सरचा मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा असतो, त्यावर तपकिरी आणि करडा थापून वर पेन्सिलीच्या शिशाची भुकटी बोटाने चोळा. पाण्याचे रंग असतील तर काळा-तपकिरी अगदी पातळ करून सांध्यांत सोडा. एनसी थिनर स्टायरीनच्या प्लास्टिकला खातो, तो ब्रशने लावू नका. पावसाळी दमट दिवशी स्प्रे मारलात तर रंगावर पांढुरकी झाक येते, तो दिवस मोजमापासाठी ठेवा.

इंजिन कायमचं बसवण्याआधी, म्हणजे ग्लू लावण्याआधी, ते जागेवर ठेवून बॉनेट बंद करून बघा. एअर क्लीनर उंच झाला असेल किंवा वायरींची कमान वर आली असेल तर आताच कळेल. बॉनेटच्या आतल्या बाजूला पातळ रंग लावून बंद केलं की नक्की कुठे टेकतं ते ठिपक्याने दिसतं.

तुमची गाडी डिझेल असेल, उदाहरणार्थ प्यूजोचं २११२ सीसीचं इंजिन असलेली महिंद्राची जुनी जीप, तर डिस्ट्रिब्युटरचा सगळा खटाटोप वाचतो. त्याऐवजी पंपापासून इंजेक्टरपर्यंत स्टीलचे चार पाइप येतात. खरे ६ मिमीचे, म्हणजे पाव मिलिमीटर, ३३ नंबरची तार. रंग स्टीलचा, आणि दोन्ही टोकांना नट. एकच गोष्ट ध्यानात ठेवा: चारही पाइप सारख्या लांबीचे असतात, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल पोचायला सारखाच वेळ लागतो. तेव्हा चार तारा आधी एकाच मापाने कापा आणि मग वळवा. पंपाजवळच्या सिलिंडरच्या पाइपाला त्यामुळे जास्त वळसा घ्यावा लागतो, तो वळसा लपवू नका.